आबाजींचे हेडफोन आणि मधला रिसीव्हर : दर्यापूर तालुक्यातलं एक प्रकरण

टीव्ही एक आणि मागण्या तीन. आबाजींना बातम्या आणि कीर्तन नीट ऐकू यायला हवं होतं, तेही गळ्यात वायर न अडकवता. आजी आणि सूनबाईंना मालिकेपुरता टीव्हीचा स्वतःचा बारीक आवाज पुरे होता. धाकटा मुलगा पुण्याला नोकरीला. नवीन साउंडबार घेतल्यावर त्याने आपला जुना 5.1 रिसीव्हर (आवाज घेऊन पाच स्पीकर आणि एका सबवूफरला वाटून देणारा अँप्लिफायरचा डबा), पाच स्पीकर आणि खर्जाचा सबवूफर गावच्या बैठकीत आणून बसवला होता. ते सगळं निदान सिनेमाला तरी वाजावं, ही त्याची इच्छा. या सगळ्यावर कडी म्हणजे भिंतीपलीकडे नातवाचा दहावीचा अभ्यास.

मला विचारलं गेलं ते असं : रिसीव्हरला बिनतारी हेडफोन आणि टीव्हीचे स्पीकर कसे जोडायचे? प्रश्न असा विचारला की उत्तर अडकतं, कारण रिसीव्हर मध्ये असणारच हे त्यात धरूनच चाललेलं असतं. या घरात तो मध्ये असण्याची गरज नव्हती. आवाज कुठे फोडायचा हे ठरलं की जोडणी आपोआप ठरते, आणि इथे तो रिसीव्हरच्या आधीच फोडायला हवा होता.

घर, हवा आणि होती ती जोडणी

गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. खाली काळी कसदार माती आणि बोअरचं पाणी खारट. बैठकीच्या खिडकीत लोखंडी कूलर. या भागात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं कुणाला नवं नाही, त्यामुळे मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कूलर हा घरातला सगळ्यात मोठा आवाज असतो. टीव्हीचा आवाज वाढण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. आजींनी ते एका वाक्यात सांगितलं : "कुलर बंद करा त जीव जाते, चालू ठेवा त टीव्ही आयकू येत नाही."

टीव्ही 43 इंची, स्मार्ट. डिशचा सेट-टॉप बॉक्स. बॉक्समधून एचडीएमआय केबल रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरमधून दुसरी एचडीएमआय टीव्हीत. शहरातल्या घरात ही जोडणी अगदी नेहमीची. चित्र रिसीव्हरमधून पुढे जातं, आवाज रिसीव्हर आपल्याकडे ठेवून स्पीकरना देतो, टीव्हीचे स्पीकर गप्प.

गावात या जोडणीची किंमत वेगळी मोजावी लागते. सकाळची पाच मिनिटांची बातमी पाहायची तरी रिसीव्हर चालू करावा लागे. तो नुसता चालू असला, आवाज नसला, तरी चाळीस-पन्नास वॉट खातो आणि तापतो. लाइट गेली की टीव्ही आणि बॉक्सबरोबर तोही इन्व्हर्टरवर येई. गावठाणचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा झाल्यापासून घरगुती लाइट बरीच सुधारली आहे हे खरं, पण वादळवाऱ्यात ती जातेच, आणि गेली की इन्व्हर्टरच्या बॅटरीवर किती जणांचं ओझं टाकायचं हा प्रश्न उरतो. भरीला सेट-टॉप बॉक्स थेट रिसीव्हरच्या जाळीवर ठेवलेला. खालून ऊन वाफ, वर बंद डबा. बॉक्स अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत होता त्याचं कारण डिशवाल्याला सापडलं नव्हतं. तो खाली उतरवून बाजूला ठेवल्यावर ती तक्रार राहिली नाही.

आधी काय काय करून झालं होतं

पहिला प्रयोग मुलानेच केलेला. रिसीव्हरच्या तोंडावर हेडफोनचं मोठं भोक असतं, 6.3 मिलिमीटरचं. त्यात अडॅप्टर लावून बाजारातला एक ब्लूटूथ ट्रान्समीटर खोचला. आबाजींच्या कानात आवाज आला आणि घरातले बाकीचे स्पीकर बंद पडले. हा बिघाड नव्हे. रिसीव्हरच्या हेडफोन सॉकेटमध्ये पिन शिरली की स्पीकर तुटावेत अशीच बहुतेक रिसीव्हरची रचना असते. एकट्याने रात्री ऐकणाऱ्यासाठी ती सोय आहे. इथे ऐकणारे दोन गट एकाच वेळी होते, त्यामुळे सोयीचीच अडचण झाली.

मग रिसीव्हरच्या ब्लूटूथवर हेडफोन जोडून पाहिले. यादीत नावच येईना. बहुतेक रिसीव्हरमधलं ब्लूटूथ फक्त घेणारं असतं : मोबाइलवरचं गाणं आत घेतं, बाहेर काही पाठवत नाही. अपवाद आहेत. डेनॉनच्या 2020 पासूनच्या एक्स मालिकेतल्या काही रिसीव्हरमधून ब्लूटूथ हेडफोनला आवाज पाठवता येतो आणि स्पीकरही सोबत चालू ठेवता येतात. पण इथला रिसीव्हर त्याच्या बराच आधीचा.

तिसरा सल्ला धोक्याचा होता. तालुक्यातल्या एका ओळखीच्या कारागिराने सांगितलं, "टीव्ही खोलतो, स्पीकरच्या तारा बाहेर काढतो न् रिसीव्हरले जोडून देतो." हे होऊ दिलं नाही ते बरं झालं. टीव्हीच्या आतले स्पीकर आठ-दहा वॉटचे असतात आणि ते टीव्हीच्याच छोट्या अँप्लिफायरवर चालतात. रिसीव्हरचा एकेक चॅनेल, म्हणजे एका स्पीकरला जाणारी आवाजाची वाट, त्याच्या कितीतरी पट ताकदीचा. तेवढ्या जोराने ते स्पीकर फाटतातच. पण त्याहून वाईट म्हणजे तारा आतून तोडल्या नाहीत तर दोन अँप्लिफायरची आउटपुट एकमेकांवर येतात. टीव्हीतल्या आजच्या बहुतेक अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा 'गरम' असतात, त्यातली एकही ग्राउंड नसते. रिसीव्हरची काळी तार तिथे लागली तर टीव्हीचा बोर्ड जायला वेळ लागत नाही.

टीव्हीचे स्पीकर ही बाहेरून 'जोडायची' वस्तू नाही, हे एकदा घरच्यांना पटवावं लागलं. टीव्हीला आवाज एचडीएमआयमधूनच द्यायचा आणि स्पीकर त्याचे त्याने वाजवायचे. रिसीव्हरच्या मेनूत तशी सोय असते. कुठे तो आवाज 'टीव्हीला' पाठवतो, कुठे 'टीव्ही आणि अँप' दोघांना. सोनीच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये दोघांना पाठवायचा पर्याय असतो, पण मग टीव्हीला जेवढे चॅनेल झेपतात तेवढेच रिसीव्हरलाही मिळतात. म्हणजे मागचे स्पीकर बसवले त्याचा उपयोगच संपला.

उरला झोन-2. काही रिसीव्हरमध्ये दुसऱ्या खोलीसाठी वेगळं आउटपुट असतं आणि लोक तिथे हेडफोनचा ट्रान्समीटर लावतात. चांगली युक्ती आहे, फक्त स्वस्त आणि मधल्या किमतीच्या रिसीव्हरमध्ये झोन-2 ला लाल-पांढऱ्या आरसीए इनपुटवरचाच अॅनालॉग आवाज जातो, एचडीएमआय किंवा ऑप्टिकलवरचा (प्रकाशाच्या केबलने येणारा) डिजिटल आवाज जात नाही. इथे तर झोन-2 नव्हताच. मागच्या बाजूला बाहेर जाणारं एकच भोक होतं, सबवूफरचं. त्यातून बोलणं निघत नाही, फक्त धडधड निघते.

आबाजींच्या कानाबद्दल थोडं

उपकरणांच्या आधी हे विचारायला हवं आणि सहसा कुणी विचारत नाही. आबाजींचं म्हणणं होतं, "आवाज येते बाप्पा, पन काय बोलून रायले थे समजत नाही." वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येत राहतात. म्हणून माणसाला आवाज येतो आणि शब्द कळत नाही. अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात, कूलरची घरघर तशीच राहते, आणि शेजारच्या खोलीतला विद्यार्थी वैतागतो. शब्द कानाशी, कूलरच्या आवाजाच्या आत आणून सोडले तर तोच माणूस कमी आवाजातही समजून घेतो. हेडफोनचा खरा फायदा हा आहे.

खरेदीच्या आधी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एका कानात मळ घट्ट बसलेला निघाला. तो काढल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. म्हाताऱ्या माणसाला हेडफोन घेऊन देण्याआधी ही पायरी करावीच. त्यात खर्च फारसा नाही, आणि कधी कधी हेडफोनच लागत नाहीत.

श्रवणयंत्राचाही विषय निघाला होता. श्रवणयंत्रावर मोठे हेडफोन चढवले की कधी कधी शिट्टी वाजते, कारण यंत्राचा आवाज हेडफोनच्या वाटीवर आपटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो. आबाजींनी यंत्राला तूर्त नकार दिला, त्यामुळे तो गुंता नव्हता.

ब्लूटूथ की रेडिओ

टीव्हीत ब्लूटूथ होतं. ते लावून पाहिलं तेव्हा दोन अडचणी आल्या. हेडफोन जोडले की टीव्हीने आपले स्पीकर बंद केले. काही टीव्हीत दोन्ही एकदम चालू ठेवता येतात, या टीव्हीत नाही. दुसरी अडचण उशिराची. साध्या एसबीसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) ब्लूटूथचा आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो. ओठ आणि आवाज यांच्यातलं अंतर माणसाला कधी जाणवतं यावर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विभागाची एक शिफारस आहे, 1998 ची. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे किंवा 125 मिलिसेकंद मागे गेला की फरक ध्यानात यायला लागतो, असं ती सांगते. म्हणजे ब्लूटूथ त्या रेषेच्या पलीकडेच. शिवाय या घरात टीव्हीचे स्पीकरही चालू राहणार. एका बाजूने स्पीकरचा आवाज आणि पाव सेकंदाने हेडफोनमधला तोच शब्द, असं झालं तर ज्याला मुळात शब्द कळत नाहीत त्याचे हाल वाढतात.

कमी उशिराचे कोडेक आहेत, अॅप्टएक्स लो लेटन्सी चाळीसेक मिलिसेकंदांवर येतो. पण तो पाठवणाऱ्यात आणि घेणाऱ्यात, दोन्हीकडे असावा लागतो, आणि दुकानदाराला ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही. म्हणून मी टीव्हीसाठीच बनवलेले 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे रेडिओ हेडफोन निवडले, स्वतःच्या बेससह. बेस म्हणजे टीव्हीजवळ ठेवायचा, हेडफोनला आवाज पाठवणारा डबा. उशीर जाणवत नाही, पेअरिंगची भानगड नाही. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती बेसची बैठक : हेडफोन काढून जागेवर ठेवला की चार्ज व्हायला लागतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने रोज रात्री चष्मा लावून बारीक भोकात केबल शोधावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. या मॉडेलमध्ये सेलही नेहमीच्या ट्रिपल-ए मापाचे, निकेल-मेटल-हायड्राइडचे आहेत. तीन-चार वर्षांनी दमले तर बदलता येतील. बंद बॅटरीच्या हेडफोनचं तसं नसतं.

आवाज फोडायची जागा

आता मुख्य काम. बेसला आवाज कुठून द्यायचा? सेट-टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढरी-पिवळी आरसीए भोकं होती आणि एचडीएमआय चालू असतानाही त्यांतून आवाज येत होता. सगळ्यात स्वस्त रस्ता तो. लाल-पांढरी वायर बेसला लावली, आबाजींनी हेडफोन घातला, शब्द आले आणि सोबत 'घूंऽऽ' अशी जाड गुणगुणही आली. कूलरचा पंप चालू केला की ती वाढे.

अशा वेळी मी एक सोपी तपासणी करतो. आवाज चालू असताना बॉक्समागची डिशची केबल, म्हणजे स्क्रूने बसणारी गोल पिन, हाताने सोडवायची. गुणगुण थांबली तर वीज एका अर्थिंगकडून दुसरीकडे आपल्या ऑडिओच्या वायरीतून वाट काढते आहे. इथे थांबली. गच्चीवरच्या डिशचा लोखंडी पाय बांधकामातल्या सळईला टेकलेला, आणि खालच्या बोर्डाचं अर्थिंग अंगणातल्या खड्ड्यात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पट्टीपासून सुटते, कोरडी पडते आणि खड्ड्याचा विरोध वाढतो. खारपाणपट्ट्यात भर म्हणजे लोखंडी पट्टी गंजून अर्धी उरते. वायरमनने खड्डा उकरला तेव्हा पट्टीचा खालचा भाग हाताने मोडला. नवीन पट्टी, कोळसा-मीठ, आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी, एवढं ठरलं. खेड्यात एक घातक उपाय चालतो तो मात्र इथेही कुणीतरी सुचवलाच : अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाका. तसं कधीही करू नये. न्यूट्रल वाटेत तुटला तर टीव्ही, रिसीव्हर, कूलरचा पत्रा, सगळ्यात करंट उतरतो.

अर्थिंग सुधारल्यावर गुणगुण बरीच कमी झाली, पण संपली नाही. शिवाय आरसीएचा मार्ग फक्त डिशपुरता. टीव्हीतल्या यूट्यूबवर कीर्तन लावलं की हेडफोन गप्प, कारण तो आवाज टीव्हीच्या आत तयार होतो, बॉक्सपर्यंत जातच नाही. आणि आबाजींचं निम्मं ऐकणं यूट्यूबवरचं.

म्हणून आवाज टीव्हीतून घ्यायचा ठरला, ऑप्टिकलने. तोशिबाने 1983 साली आणलेली ही जोडणी अजून टीव्हीच्या पाठीवर टिकून आहे. प्लॅस्टिकच्या बारीक तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणजे दोन उपकरणांत तांब्याचा संबंधच उरत नाही आणि तिथून गुणगुण यायला वाट राहत नाही. बेसला ऑप्टिकल घेता येत नव्हतं, म्हणून मध्ये हजाराच्या आतला छोटा डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, ऑप्टिकलचा आवाज साध्या वायरीवर देणारा. तो निवडताना एकच अट ठेवली, बटण नको. लाइट जाऊन आली की तो स्वतःहून चालू झाला पाहिजे.

जोडणी सगळी उलटी केली. सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीत. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर 'एआरसी' लिहिलंय तिथून केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमध्ये. नाव 'आउट' असलं तरी याच केबलने टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो. 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून ही सोय आहे आणि या रिसीव्हरमध्ये ती होती. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून कन्व्हर्टर, कन्व्हर्टरमधून हेडफोनचा बेस.

रोजच्या वापरात रिसीव्हर बंदच असतो. टीव्ही लावला की त्याचे स्पीकर वाजतात आणि ऑप्टिकलमधून आबाजींनाही मिळतं. क्रिकेट असलं, पाहुणे असले की रिसीव्हर चालू करायचा. एचडीएमआयमधल्या सीईसीमुळे, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना सूचना द्यायच्या सोयीमुळे, टीव्ही आपले स्पीकर आपोआप बंद करतो आणि आवाज रिसीव्हरकडे देतो. रिसीव्हर बंद केला की टीव्हीचे स्पीकर परत. रिमोट एकच पुरतो. या टीव्हीत दोन्ही अवस्थांत ऑप्टिकल जिवंत राहिलं. तुमच्या टीव्हीत तसं असेलच असं धरू नका. काही टीव्ही 'टीव्ही स्पीकर', 'ऑप्टिकल' आणि 'एआरसी' यांतलं एकच निवडू देतात. भोकात लाल उजेड दिसतो म्हणून आवाजही आहे, असं नाही. हेडफोन मागवण्याआधी मी कन्व्हर्टरला साधा वायरचा इअरफोन लावून हे पाहून घेतलं. पाच-दहा हजारांची वस्तू मागवून मग पस्तावण्यापेक्षा ते बरं.

शांत झालेले चॅनेल

दोन-तीन दिवस सगळं छान चाललं आणि मग सूनबाईंचा फोन : "भाऊ, काही चॅनेलवर आबाजींच्या कानात कायबी येत नाही. टीव्हीतून मात्र येते." चॅनेलची नावं विचारली तर सगळे एचडी. कारण डॉल्बी. ऑप्टिकलमधून आवाज दोन रूपांत जाऊ शकतो : साधा दोन चॅनेलचा पीसीएम, किंवा डॉल्बीसारखा दाबून बांधलेला गठ्ठा. रिसीव्हर तो गठ्ठा सोडवतो. हजाराच्या आतला कन्व्हर्टर सोडवत नाही. तो एक तर गप्प बसतो किंवा खरखर करतो. टीव्हीच्या मेनूत 'डिजिटल आउटपुट'ला 'ऑटो'ऐवजी 'पीसीएम' केलं, प्रश्न मिटला. फोनवरच, नातवाच्या हातून.

पण इथेच सिनेमाची मागणी आडवी आली. या टीव्हीत ही सेटिंग ऑप्टिकल आणि एआरसी दोघांना एकच लागते. पीसीएम केलं की रिसीव्हरलाही दोनच चॅनेल. क्रिकेटला आणि मालिकेला त्याने काही बिघडत नाही, रिसीव्हर प्रो लॉजिक नावाच्या डॉल्बीच्या पद्धतीने तोच आवाज पाच स्पीकरवर पसरवतो आणि सामान्य कानाला ते पुरतं. धाकट्या मुलाचा कान सामान्य नाही. त्याला सिनेमाचा खरा 5.1 हवा.

त्यासाठी सिनेमाची स्टिक (इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारं, एचडीएमआयमध्ये खोचायचं छोटं उपकरण) टीव्हीतून काढून थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटमध्ये लावली. आता सिनेमाचा डॉल्बी आवाज आधी रिसीव्हरलाच मिळतो, आणि चित्र त्याच जुन्या केबलने टीव्हीकडे जातं. एका केबलमध्ये चित्र पुढे, आवाज मागे. टीव्हीची सेटिंग पीसीएमवर कायम राहिली, कुणाला मेनूत शिरायची गरज नाही.

किंमत एवढीच की सिनेमाच्या वेळी आबाजींचे हेडफोन गप्प असतात. रिसीव्हर स्वतः आवाज वाजवतो तेव्हा तो टीव्हीकडे पाठवत नाही, म्हणून ऑप्टिकलवरही काही येत नाही. याला वळसा घालता येतो : स्टिक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे त्या केबलमधला आवाज वेगळा काढणारा डबा, बसवायचा आणि त्यातून बेसला दुसरी वायर द्यायची. मी तो घेऊ दिला नाही. आणखी एक डबा, आणखी एक अडॅप्टर, आणि बेसवर कोणता आवाज लावायचा ते निवडायचा आणखी एक स्विच. तोही अशा कार्यक्रमासाठी, जो आबाजी मुळात पाहत नाहीत. धाकटा दिवाळीत येतो तेव्हा सिनेमे होतात. तेव्हा आबाजी अंगणात बसलेले असतात.

बारीक गोष्टी, ज्यांनी काम टिकलं

या टीव्हीत ऑप्टिकलचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही, तो ठरावीक पातळीवर येतो. हे सुरुवातीला घरच्यांना अडचणीचं वाटलं. प्रत्यक्षात याच गुणामुळे घरातली भांडणं मिटली : सूनबाई टीव्हीचा आवाज अगदी शून्यावर नेऊ शकतात, आबाजींना फरक पडत नाही. नातवाच्या परीक्षेच्या काळात रात्री टीव्ही पूर्ण मुका आणि आबाजींचं कीर्तन चालू, असं चालतं.

आबाजींचा आवाज त्यांच्या हेडफोनच्या चक्रीवर. चक्री कुठपर्यंत न्यायची त्याची खूण नेलपॉलिशच्या ठिपक्याने केली, कारण हेडफोनमुळे आवाज किती मोठा आहे हे बाहेरच्याला कळत नाही आणि उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगते. आबाजी दिवसाला चार-पाच तास टीव्ही पाहतात, म्हणजे ते या हिशेबाच्या जवळच आहेत.

बेस आधी कूलरशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता. आबाजी उठून स्वयंपाकघराकडे गेले की आवाज तुटे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पत्र्यापलीकडे जात नाहीत आणि कूलर म्हणजे पत्र्याची टाकी, त्यात पाणी. बेस टीव्हीच्या वर, वायफायच्या राउटरपासून चार हात लांब नेला, मग ओसरीपर्यंत चालतो. मातीच्या जाड भिंतीपलीकडच्या जुन्या खोलीत चालत नाही, तिथे कुणी टीव्ही ऐकतही नाही. कूलरपासून लांब नेण्याचा दुसरा फायदा म्हणजे खारट पाण्याचे तुषार. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच हळूहळू जॅकच्या पितळेवरही बसतो.

इन्व्हर्टरवर आता फक्त टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कन्व्हर्टर आणि बेस. रिसीव्हरची पिन वेगळ्या बोर्डावर, थेट लाइटवर. लाइट गेली तर तो बंद पडतो आणि टीव्ही आपले स्पीकर आपोआप घेतो. घरच्यांचं म्हणणं, पूर्वी लाइट गेल्यावर टीव्ही पाहायला भीती वाटायची, आता बॅटरी पुरते.

जूनमधल्या पहिल्या गडगडाटाआधी काय करायचं तेही नातवाला दाखवून ठेवलं आहे. नुसती प्लगची पिन काढून भागत नाही. विजेचा झटका गच्चीवरून डिशच्या केबलनेही आत येतो आणि बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने टीव्ही घेऊन जातो. केबल बॉक्समधून सोडवायची आणि खिडकीबाहेर टाकायची. कोणती वायर कुठे परत लावायची याच्या चिठ्ठ्या प्रत्येक टोकाला चिकटवल्या आहेत, मराठीत, मोठ्या अक्षरात. मीही सांगून ठेवलं की चिठ्ठी नसलेलं एकही टोक मागे ठेवू नका. पुण्याहून आलेला धाकटा पुन्हा सगळं आपल्या मनाने जोडून जाईल, ही सूनबाईंची धास्ती अजून आहे.

आजींनी आता स्वतःसाठी हेडफोन मागितला आहे. त्यांना ऐकू नीट येतं, पण आबाजी कान झाकून बसतात आणि एकटेच हसतात, हे त्यांना पटत नाही. या बेसवर दुसरा हेडफोन जोडता येतो आणि दोघांच्या आवाजाच्या चक्र्या वेगळ्या राहतात. कापसाचे पैसे हाती आले की घेणार आहेत.